मानवी हक्कांचा वर्ग एकट्या विधी विभागात का?

"पिशवी काढली तेव्हा तुमची संमती घेतली होती का?"

आमच्या प्रश्नावलीतला हा बाविसावा प्रश्न. पिशवी म्हणजे गर्भपिशवी. कोपीच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीच्या, दाराशी बसलेल्या मावशींनी आमच्याकडे नुसतं पाहिलं. विधी शाखेच्या मुलाने तोच प्रश्न पुन्हा, जरा सावकाश वाचला. तरी काही नाही. शेवटी एम. ए. मराठी करणारी मुलगी त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि म्हणाली, "मावशी, दवाखान्यात कागदावर अंगठा कुणी दिला? डॉक्टर काय म्हणले तवा?"

मग मावशी बोलायला लागल्या. पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं होतं. अंगठा मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, दिला. पैसे टोळीच्या मुकादमाकडून घेतले, ते उचलीत (आगाऊ घेतलेल्या मजुरीत) धरले. म्हणून पुढचा हंगामही त्याच टोळीत. तेव्हा वय काय होतं? "थोरलीचं लगीन झालं त्या साली."

मी संख्याशास्त्र शिकवते. त्या दिवशी माझ्याबरोबर तीन वेगवेगळ्या विभागांतली पदव्युत्तर मुलं होती, आणि त्या पाच मिनिटांनी मला जे दाखवलं ते मी कुठल्याच वर्गात पाहिलेलं नाही.

बीडचा विषय बहुतेकांना माहीत आहे. २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहाजणींत एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. आता माझ्या वर्गातली मुलगी लगेच विचारते, मॅडम, दोन्हीकडचा वयोगट सारखा आहे का? अगदी रास्त प्रश्न. पण वय लिहायचं तर 'थोरलीचं लगीन' कोणत्या साली झालं हे आधी शोधावं लागतं. त्यासाठी दुष्काळाची सालं, निवडणुका, जत्रा यांचा हिशेब मांडावा लागतो. हे कौशल्य इतिहास आणि मानवशास्त्रवाल्यांकडे आहे, आमच्याकडे नाही.

विधीच्या मुलाने परतीच्या गाडीत एक निकाल सांगितला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे जवळपास असंच प्रकरण आलं होतं. बाई तपासणीसाठी भुलेखाली होती, आईची संमती घेऊन गर्भपिशवी काढून टाकली. न्यायालयाने ती संमती मानली नाही. सज्ञान बाईच्या शरीराबद्दल तिचीच संमती लागते, जिवावर बेतलं असेल तरच गोष्ट वेगळी. मग नवऱ्याच्या अंगठ्याचं काय? मुलगा अस्वस्थ झाला होता, कारण निकाल त्याला तोंडपाठ होता, पण कोपीपुढे बसून संमतीचा प्रश्न विचारावा कसा हे त्याला सुचलं नव्हतं.

आणि अर्थशास्त्र? एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल कोयत्याची, हिशेब कोयत्याचा, पैसे नवऱ्याच्या हातात. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीत पोट दुखतंय म्हणून थांबायचं तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. तीन-चार लेकरं झाली, आता पिशवीचा उपयोग काय, असं घरातलेच म्हणतात. हा खाड्याचा दंड समजून घेतल्याशिवाय ऑपरेशनचं कारण कळत नाही. नुसत्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळं होणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही, जरी त्यांचा दोष मोठाच असला तरी.

आमच्याकडे मानवी हक्क म्हणजे एक छोटा पेपर. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा कधी मंजूर झाला? १० डिसेंबर १९४८. कलमं किती? ३०. झाला पेपर. पदव्युत्तर पातळीवर सगळ्या विभागांना मिळून एक अभ्यासक्रम करू, असा प्रस्ताव आम्ही काही जणांनी दिला होता. 'विषय विधी विभागाचा आहे' एवढ्या शेऱ्यावर तो परत आला. मला त्याचा राग आहे, अजूनही आहे. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द बदलून 'सगळी माणसं' करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी. भाषेच्या विद्यार्थ्याचा इथे काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

अर्जेंटिनाचं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. १९७६ ते १९८३ लष्करी राजवट, हजारो माणसं गायब. १९८४ साली क्लाइड स्नो हे अमेरिकन न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ तिथे गेले. निनावी कबरी उघडायला मदतीला कोण आलं? मानवशास्त्र, पुरातत्त्व आणि वैद्यक शिकणारे विद्यार्थी! ब्रशने माती बाजूला करत त्यांनी एकेक हाड काढलं, नोंदवलं. १९८५ च्या लष्करशहांवरच्या खटल्यात हे पुरावे न्यायालयापुढे गेले. गायब झालेल्यांच्या आयांनी, म्हणजे आजींनी, आपली पळवलेली नातवंडं शोधायला घेतली तेव्हा मेरी-क्लेअर किंग या जनुकशास्त्रज्ञ बाई मदतीला आल्या. आईबाप हयात नसताना आजीच्या रक्तावरून नातं सिद्ध करायचं होतं. ते विद्यार्थ्यांचं पथक पुढे जगभर गेलं. आधी सगळ्यांनी कायद्याची पदवी घ्या, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

प्रत्येकाने सगळं शिकावं असं मी म्हणत नाही. आपला विषय पक्का हवाच. कच्च्या आकडेवारीने या बायकांचं नुकसानच होईल. पण एका प्रश्नावर पाच विभागांनी एकत्र बसायचं, एकमेकांच्या प्रश्नावल्या तपासायच्या, एकाच प्रबंधाला दोन विभागांचे मार्गदर्शक द्यायचे, याला नियमांत जागा हवी. आणि श्रेयांकही हवेत, नाहीतर मुलं सुट्टीतलं समाजकार्य म्हणून येतात आणि परीक्षा आली की गळतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतील. आमची सुधारलेली प्रश्नावली तयार आहे, बाविसावा प्रश्न आता त्या मराठीच्या मुलीने लिहिलेला आहे. स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी कुणी डॉक्टर आठवडाभर बरोबर येऊ शकली तर फार बरं होईल. दवाखान्याच्या चिठ्ठ्या बायकांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात, त्या आमच्यापैकी कुणालाच नीट वाचता येत नाहीत. ओळखीत कुणी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.