तार तुटेपर्यंत

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची थरथर विजेत पकडणारा पिकअप म्हणजे काय, तर चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. बस्स! हे वाक्य इतकं निरागस आहे की वाचणारा त्याच संध्याकाळी घरी पिकअप बनवायला बसतो. त्यात तारेची जाडी आणि फेऱ्यांचा आकडा घातला असता, तर कित्येक संसार सुखाचे झाले असते.

तार असते 42 गेजची, म्हणजे साधारण 0.063 मिलिमीटर. डोक्यावरचा केस म्हणा ना. आणि फेरे? स्ट्रॅटोकास्टर नावाच्या गिटारवर असतो तशा साध्या एका वेटोळ्याच्या पिकअपला साडेसात-आठ हजार. उलगडून सरळ पसरली तर किलोमीटरभर जाईल अशी ही तार आगपेटीपेक्षा जरा लांबट बॉबिनवर बसवायची असते.

तत्त्वाबद्दल माझी तक्रार नाही. फॅरेडेने ते 1831 सालीच दाखवून दिलं. चुंबकामुळे गिटारची पोलादी तारही थोडी चुंबक बनते. ती थरथरली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र थरथरतं आणि तांब्याच्या तारेत वीज उपजते. नायलॉनच्या तारेला यातलं काही कळत नाही, ती सुखी आहे. अमेरिकेत जॉर्ज बीचमने नालेच्या आकाराचे चुंबक लावून असा पिकअप बनवला. त्याच्या गिटारला पेटंट मिळायला 1937 साल उजाडलं. फॅरेडेपासून बीचमपर्यंत शंभर वर्षं मध्ये का गेली याबद्दल माझं एक मत आहे. लोक तार गुंडाळत असणार.

गुंडाळताना बॉबिन मोटरवर फिरतो आणि तार आपल्या चिमटीतून जाते. चिमूट सैल पडली की वेटोळं ढिलं होतं, मग मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरून किंचाळतं. घट्ट धरली की तार तुटते. नेमका ताण किती द्यायचा, असं कोणत्याही जाणकाराला विचारा, तो डोळे मिटून म्हणतो, "अंदाजाने."

फेरे मोजायला एक झकास युक्ती आहे. साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाला दोन तारा जोडून रीड स्विच (चुंबक जवळ आलं की आपोआप दाबला जाणारा) लावायचा, फिरत्या चाकावर छोटं चुंबक चिकटवायचं आणि एक अधिक एक करून ठेवायचं. मग प्रत्येक फेऱ्याला आकडा आपोआप एकाने वाढतो. अख्ख्या प्रकरणात आपलं काम चोख करणारा तो एकटाच.

हाताने तार थोडी अस्ताव्यस्त गुंडाळली की वेटोळ्याची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरण्याची क्षमता, कमी होते आणि वरचे सूर मोकळे राहतात, असं मानतात. काही कारागीर हे मुद्दाम साधतात. मला मुद्दाम काही करावं लागत नाही.

तार तुटते ती पाच हजारांच्या पुढे. तुटलेलं टोक वेटोळ्यात कुठे दडलंय ते शोधायला दिवा लागतो, भिंग लागतं आणि चाळिशी न लागलेलं माणूस लागतं. बायकोने मदतीला येऊन तांबूस, चमकदार टोक लगेच चिमटीत पकडून दिलं. "हे काय, अहो! तुम्हाला एवढंही दिसत नाही?" मी सोल्डरिंग आयर्न टेकवलं. जो वास सुटला त्यावरून ते टोक तिच्याच डोक्यावरचं असल्याचं निष्पन्न झालं.

पुढे मेण. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण मिसळून, साधारण 65 अंशांवर वितळवून त्यात पिकअप बुडवायचा. बुडबुडे थांबले की मेण आतपर्यंत मुरलं आणि किंचाळणं बंद. जास्त तापवलं तर प्लास्टिकचा बॉबिन वाकतो, म्हणून पातेलं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवतात. असं पातेलं परत स्वयंपाकघरात येत नाही, हा नियम पातेल्याच्या मालकिणीचा.

एवढं होऊन मल्टिमीटरने सहा किलोओहम दाखवले, म्हणजे तार सलग आहे असं कळलं, की जो आनंद होतो तो गिटार वाजवून होत नाही. (आम्हा मंडळींपैकी बऱ्याच जणांना गिटार वाजवता येत नाही, हे जाता जाता.) मग ॲम्प्लिफायर लावायचा. आधी ऐकू येते ती घूंऽऽऽ. घरातल्या विजेची, 50 हर्ट्झची, काही देशांत 60 ची. आठ हजार फेऱ्यांचं वेटोळं गिटारच्या तारा ऐकतं तितक्याच भक्तिभावाने ट्यूबलाइट आणि ट्रान्सफॉर्मरही ऐकतं.

यावरचा उपाय गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने शोधला आणि 1955 साली पेटंटसाठी अर्ज केला. शेजारी शेजारी दोन वेटोळी. दुसऱ्याची जोडणी उलटी, चुंबकाचा ध्रुवही उलटा. घूं एकमेकींना खोडून काढतात, तारांचा आवाज मात्र जुळून वाढतो. अत्यंत देखणी कल्पना. फेरे प्रत्येकी पाच हजारांच्या घरात.

मी हे घरात जाहीर केलं. बायकोने हिशेब केला, अंबाडा घट्ट बांधला आणि म्हणाली, "टोक मी शोधून देईन. पातेलं तुमचं तुम्ही आणा."