काकूचं इंजेक्शन आणि तो मेसेज

‘सांधेवाताचं नवं इंजेक्शन प्रतिकारशक्ती शून्य करतं, आजच बंद करा’ हा मेसेज आठवडाभर नागपुरातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. रविवारी सक्करदऱ्याच्या काकूनं फोन पुढे केला, “पाय बरं, काहून घेऊ मग मी हे?”

काकूला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे सांधेवात आहे. मेथोट्रेक्सेट आणि आणखी गोळ्या घेऊनही बोटांची सूज हटेना, कुकरचं झाकण उघडेना, तेव्हा अडालिमुमॅब हे इंजेक्शन सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी एक. आता पोळ्या तीच लाटते.

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला: इंजेक्शन सोडून प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा 40 दिवस घ्या. अहो, या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते! तीच स्वतःच्या सांध्यांवर उठलेली असते. तिला आणखी चेतवायचं? सूज भडकवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन अडवलं तर रुग्णाला आराम पडतो, हे फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी लंडनमध्ये दाखवलं. त्यांची पहिली चाचणी 1992 ची. अडालिमुमॅब तेच एक प्रथिन अडवतं. संसर्गाशी लढायची ताकद थोडी घटते, हो. पण ‘शून्य’ कुठून आणलं? आणि आजार मोकाट सोडल्यावर कुरतडलं गेलेलं हाड कुठला काढा भरून देणार?

मेसेज पुढे म्हणतो, ‘टीबी होतो.’ हा धोका खरा आहे, नाकारत नाही. याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या 70 रुग्णांची नोंद न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2001 साली आली. त्यातल्या 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांतच झाला. अंगात दबून बसलेला टीबी उठतो, म्हणून तर आधी छातीचा एक्स-रे, हातावर टोचून करायची मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा ही टीबीची चाचणी करतात. मॅन्टूसाठी काकूच्या हातावर पेनानं गोल आखला होता. तिसऱ्या दिवशी तो दाखवायला धंतोलीला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. मेसेजमध्ये या तपासणीबद्दल एक अक्षर नाही.

‘उंदराचं रक्त असतं.’ नसतं. ‘सवय लागते.’ हे व्यसन नाही. आजार बरेच महिने शांत राहिला तर डॉक्टर कधी कधी डोसांमधलं अंतर वाढवतात. महाग आहे, हे मात्र कबूल. 2014 मध्ये भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध आलं, किंमत उतरली, तरी सगळ्यांना झेपत नाही.

काकूचा डोस शनिवारचा होता. मेसेज वाचून तिनं घेतलाच नव्हता. फ्रिजमध्ये दह्याच्या गंजामागे तसाच होता. डॉक्टरांना फोन लावला, ताप-खोकला नाही ना ते त्यांनी विचारलं, आणि सोमवारी सकाळी तिनं तो घेतला.