बाळ घेऊन समुद्रावर जाताय? मग कंटाळवाणा किनारा शोधा

मार्च उजाडला की जर्मनीतल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो. "बाळ तेव्हा सात-आठ महिन्यांचं असेल, एल्टर्नत्साइट (बाळासाठीची पालकांची रजा) आहे, महिनाभर समुद्रकिनारी राहायचंय, कुठे जाऊ?" खाली उत्तरं येतात: सांतोरिनी, अमाल्फी, पोझितानो, चिंक्वे तेर्रे. फोटो एकापेक्षा एक. पण ही सगळी गावं फोटोत सुंदर दिसतात ती डोंगराला चिकटलेली आहेत म्हणून, आणि डोंगराला चिकटलेलं गाव म्हणजे पायऱ्या. कडेवर बाळ, हातात मिटलेली बाबागाडी, पाठीवर डायपरची बॅग, डोक्यावर जुलैचं ऊन. सुचवणाऱ्यांपैकी निम्मे तिथे हनिमूनला गेले होते, हे कुणी लिहीत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर बघण्यासारखी जागा नको, राहण्यासारखी हवी. बघण्यासारखं तिथे काहीच नसेल तर आणखी बरं, कारण मग "आज काहीच पाहिलं नाही" ही टोचणी लागत नाही.

म्युनिककरांसाठी अशी जागा म्हणजे उत्तर एड्रियाटिकचा इटालियन किनारा: बिबिओने, ताल्यामेंतो नदीच्या मुखापलीकडचं लिन्यानो, थोडं पुढे ग्रादो, व्हेनिसच्या बाजूला येसोलो. सपाट गावं, सरळ रस्ते, साठ-सत्तरच्या दशकातल्या चौकोनी इमारती, आणि बेकरीतही जर्मन बोलणारी माणसं. इन्स्टाग्रामवर टाकावं असं फार काही नाही. पण वाळू बारीक आहे आणि समुद्र इतका उथळ की बरंच चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. जूनच्या मध्यापर्यंत पाणी बावीस-तेवीस अंशांवर येतं, ऑगस्टमध्ये पंचवीसच्या पुढे. पोर्तुगालचा आल्गार्व्ह फार देखणा आहे, पण तो अटलांटिक. भर उन्हाळ्यातही तिथलं पाणी एकवीस-बावीसच्या आसपास राहतं. आपल्याला ते चालतं, पण एवढंसं बाळ पाण्यात पटकन गार पडतं.

या किनाऱ्यावर छत्र्यांच्या शिस्तीत रांगा असतात आणि छत्री व आरामखुर्च्या भाड्याने घ्याव्या लागतात. आमच्या सासूबाई गुहागरच्या. "समुद्रावर बसायचं भाडं?" हा त्यांचा प्रश्न सुट्टी संपेपर्यंत सुटला नाही. (फुकट किनाऱ्याचा पट्टाही असतो, पण तिथे सावली आपली आपण न्यायची.) बऱ्याच फ्लॅटांच्या भाड्यात छत्री धरलेली असते, बुकिंग करताना विचारा. पहिल्या रांगेचे पैसे जास्त पडतात आणि बाळवाल्यांना तिचा काडीचा उपयोग नाही. मागची रांग घ्या. संडास, शॉवर आणि घरी जायचा रस्ता, तिन्ही जवळ.

आता सुट्टीचं गणित. ग्रुपवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एल्टर्नगेल्टचे (त्या रजेत सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचे) महिने कॅलेंडरचे नसतात, बाळाच्या जन्मतारखेपासून मोजतात. बाळ 14 तारखेला झालं असेल तर महिना 14 ते 13. बाबाने 1 ते 31 रजा टाकली की ती अशा दोन महिन्यांत विभागली जाते आणि दोन्हींचे पैसे अडकतात. रजेची लेखी सूचना कंपनीला सात आठवडे आधी द्यावी लागते. आणि 1 एप्रिल 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी दोघांनी पूर्ण एल्टर्नगेल्ट घेत एकत्र घरी राहायचं ते फक्त एक महिना, तोही पहिल्या बारा महिन्यांत. काही अपवाद आहेत, जुळी वगैरे. म्हणजे सर्वसाधारण घरात ही लांब सुट्टी त्या एकाच महिन्यात बसवायची. तो महिना कुठे खर्च करायचा हे आधी ठरवा, फ्लॅट नंतर बघा. बाबाला पैसे मिळायला किमान दोन महिने घ्यावेच लागतात. त्याचा दुसरा महिना आई कामावर परतल्यावर ठेवता येतो. माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा, पण त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

आजी-आजोबांना बरोबर न्यावं का? न्यावंच. जर्मनीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) इटलीला चालतो, वेगळं काही काढायला नको. मात्र राहायचे नव्वद दिवस दोन्ही देशांचे मिळून मोजले जातात. त्यांचा तीस हजार युरोंचा प्रवास विमा व्हिसासाठी काढलेलाच असतो, तो सगळ्या शेंगेनभर चालतो का, एवढं बघून घ्या. आपल्या जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू हेच इटलीतल्या उपचारांना चालणारं युरोपियन कार्ड असतं. बाळाचं वेगळं कार्ड येतं, ते पाकिटात हवं. बाळाचा भारतीय पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटही बरोबर घ्या (परमिटचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो). "शेंगेनमध्ये कोण बघतंय" असं म्हणू नका. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गकडून परतताना रांग लागते.

पण आजीला फुकटची आया समजून नेऊ नका. हे जरा कडक वाटेल. सकाळचा एक फेरा आजीचा, संध्याकाळचा आपला, असं आधीच बोलून घ्यावं. त्यांनाही समुद्र बघायचा असतो. आणि स्वयंपाक आलटून पालटून, नाहीतर म्युनिकचंच स्वयंपाकघर फक्त गरम हवेत नेल्यासारखं होतं.

म्हणूनच हॉटेल नको, फ्लॅट हवा. छोटा कुकर, मूगडाळ, तांदूळ, नाचणीचं सत्त्व गाडीत टाका. बाकी सगळं तिथे मिळतं. इटालियन दुकानात बाळांसाठी पास्तीना नावाचा मोहरीच्या दाण्याएवढा पास्ता असतो, तो मऊ शिजवून भाजीच्या पाण्यात कालवला की आमचं बाळ खिचडीला विचारेना. मीठ नाही, आणि मध तर वर्षापर्यंत अजिबात नाही. यावर आजी लोकांशी वाद होणारच. डॉक्टरांचं नाव पुढे करा, आपलं नको.

दिवस कसा जातो? सकाळी लवकर किनारा, साडेदहाला परत. अकरा ते तीन-साडेतीन पडदे ओढून घरात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात न्यायचंच नाही, त्यापुढेही सावली, टोपडं आणि लांब बाह्यांचे सुती कपडे हेच खरं संरक्षण. क्रीम उघड्या राहिलेल्या भागापुरतं. बाबागाडीवर दुपटं टाकून सावली करू नका, आत हवा कोंडून भट्टी होते. पाचनंतर पुन्हा किनारा. एवढाच कार्यक्रम, रोज. दुपारच्या त्या झोपेत आम्ही दोघांनी बाळ झाल्यापासून पहिल्यांदा एकमेकांशी डायपर सोडून इतर विषयांवर गप्पा मारल्या.

डासांना हलक्यात घेऊ नका. तिथे दिवसा चावणारा टायगर डास आहे. 2007 मध्ये याच किनाऱ्यावर खाली रावेन्नाजवळ चिकनगुनियाची साथ आली, दोनशेच्या वर माणसं आजारी पडली, आणि विषाणू घेऊन आलेला पाहुणा केरळहून आला होता. बाबागाडीला आणि खाटेला जाळी लावा. जाळी म्युनिकहूनच न्या, तिथे सीझनमध्ये मिळतेच असं नाही.

जायचं कधी? पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची शाळांची दोन आठवड्यांची सुट्टी संपली की, बव्हेरियाच्या शाळा सुटायच्या आत. 15 ऑगस्टला इटलीचा फेर्रागोस्तो असतो, त्याच्या आगेमागे अख्खा इटली किनाऱ्यावर उतरतो. फ्लॅट बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात, त्यामुळे शनिवारी टाउअर्नचा, म्हणजे ऑस्ट्रियातून आल्प्स ओलांडणारा, रस्ता तुंबतो. महिनाभर राहणार असाल तर मधल्या वाराला या असं कळवा, बरेच मालक ऐकतात. व्हिन्येट (ऑस्ट्रियाच्या महामार्गांचा पास) काढलं तरी टाउअर्न आणि काट्शबेर्ग बोगद्यांचा टोल वेगळा असतो. पंधरा महिन्यांपर्यंत गाडीतली बाळाची आय-साइझ (नव्या युरोपियन नियमांची) सीट उलट्या तोंडाचीच हवी. आणि दर दोन तासांनी थांबायचं, गूगल काहीही वेळ सांगो.

पुण्या-मुंबईहून मेमध्ये निघणाऱ्यांनीही हेच निकष लावावेत. श्रीलंकेला जात असाल तर मेपासून नैऋत्य किनारा खवळतो, पूर्वेकडचं पासिकुडा उथळ आणि शांत असतं. सगळे गॉलला जातात म्हणून गॉलला जाऊ नका.

पुढच्या वर्षी बाळ चालायला लागलेलं असेल. आम्ही क्रोएशियाचा विचार करतोय; 2023 पासून तो शेंगेनमध्ये आहे, युरोही चालतो. अडचण एकच, बहुतेक किनारे गोट्यांचे. राब बेटावरचं लोपार वाळूचं आहे एवढं ठाऊक आहे. त्याशिवाय वाळूचा, उथळ आणि शक्य तितका कंटाळवाणा किनारा तिकडे कुणाला सापडला असेल तर कमेंटमध्ये टाका. सूर्यास्ताचे फोटो नकोत, पार्किंगपासून पाण्यापर्यंतच्या रस्त्याचा टाका.