स्टेंट बसवलेल्यांनी ‘रक्त पातळ करायची’ गोळी सोडू नये

माझ्या आत्याच्या हृदयात स्टेंट आहे. तिने स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन बंद केली, कारण फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज. त्यात लिहिलंय: या गोळ्यांनी रक्ताचं पाणी होतं आणि अशक्तपणा येतो, त्यापेक्षा रोज पाच लिटर पाणी प्या, रक्त आपोआप पातळ राहील, शिरांतलं काळपट रक्त अशुद्ध असतं, ते अधूनमधून काढून टाका, आणि पांढऱ्या पेशी जितक्या जास्त तितकी प्रतिकारशक्ती चांगली. हे पुढे पाठवणाऱ्यांनी निदान एकदा विचार करायचा होता.

‘रक्ताचं पाणी होतं’ हे साफ खोटं आहे. रक्ताचा साधारण 55 टक्के भाग प्लाझ्मा असतो आणि त्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, गोळी घ्या किंवा न घ्या. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम होतो प्लेटलेट्सवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींवर. जखम झाली की प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात. हे रसायन बनवणारं एन्झाइम अ‍ॅस्पिरिन कायमचं बंद पाडते. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस, ते बंदच राहतं. अ‍ॅस्पिरिन कसं काम करते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आत्या म्हणते, ‘अरे, दोन-तीन दिवस झाले गोळी सोडून, मला तर काहीच झालं नाही.’ खरा धोका इथेच आहे. त्या दोन-तीन दिवसांत रक्तात बहुतेक जुन्याच, गोळीने थोपवलेल्या प्लेटलेट्स असतात. मग रोज थोड्या थोड्या नव्या येत जातात. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर आतून अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट्स तिला चिकटू पाहतात. तिथे गुठळी झाली तर रक्तवाहिनी बंद पडते आणि हार्ट अटॅक येतो. अटॅक आलेल्यांना अ‍ॅस्पिरिनचा किती उपयोग होतो हे 1988 च्या आयसिस-2 चाचणीत दिसलं: 17,187 रुग्ण, एक महिना रोज 160 मिलिग्रॅम, आणि पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी.

अशक्तपणाबद्दल एवढं मान्य करावं लागेल की अ‍ॅस्पिरिनने कधीकधी पोटात रक्तस्राव होतो आणि त्यातून हिमोग्लोबिन उतरतं. शौचाला काळी होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण गोळी थांबवायची की सोबत पोटासाठी औषध द्यायचं, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पाण्याचंही तसंच. शरीरातलं पाणी फार कमी झालं तर रक्त दाट होतं, हे खरं. पण गरजेपेक्षा जास्त प्यायलेलं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. प्लेटलेट्सवर त्याचा काही परिणाम होत नाही. आणि हृदय कमजोर असलेल्याला पाच लिटर पाणी त्रासदायकच ठरू शकतं.

शिरांतलं रक्त काळपट दिसतं ते त्यात ऑक्सिजन कमी असतो म्हणून. तरीही विश्रांतीच्या वेळी त्यातल्या हिमोग्लोबिनचा 70 टक्क्यांच्या आसपास भाग ऑक्सिजन धरूनच असतो. रक्त काढण्याचा उपचार पॉलिसायथेमियासारख्या (यात लाल पेशी फार वाढतात) मोजक्या आजारांत होतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटर रक्तात 11,000 च्या बऱ्याच वर गेल्या तर डॉक्टर आधी संसर्ग शोधतात, आणि कधी ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सरही.