किती राहिले?

धावण्याच्या शर्यतीत बरं असतं. रेषेवर वाकून उभं राहायचं आणि बार उडाला की पळत सुटायचं. शिडाच्या नौकेला मात्र रेषेवर उभं राहताच येत नाही, कारण तिला ब्रेक नसतो. म्हणून सुरुवातीआधीची पाच मिनिटं सगळ्या नौका रेषेमागे घिरट्या घालत, एकमेकींच्या अंगावर जात, वेळ काढत असतात. खुणेच्या क्षणी नाक रेषेला टेकलेलं हवं आणि नौका पूर्ण वेगात हवी. ही किमया जमावी म्हणून प्रत्येक नौकेवर एक जण मनगटाकडे बघत उलटे आकडे मोजत असतो. आमच्या नौकेवर तो एक जण म्हणजे मी.

हे पद मला गुणवत्तेवर मिळालेलं नाही. दोर ओढायला दंड लागतात, सुकाणू धरायला अधिकार लागतो. सेकंद मोजायला नुसतं रेगाटाचं, म्हणजे नौकाशर्यतीचं, घड्याळ लागतं, आणि ते माझ्या मनगटावर होतं.

घड्याळ तसं गुणी आहे. जाड अंक, खणखणीत बीप आणि हातमोजे घालूनही दाबता येईल असं ऐसपैस बटण. जुन्या यांत्रिक रेगाटा घड्याळांत तबकडीवर पाच गोल खिडक्या असायच्या. मिनिट सरलं की एकेका खिडकीचा रंग बदलायचा. अंक वाचायचीही गरज नाही, नुसते ठिपके बघायचे. ज्याने कोणी हे शोधून काढलं, त्याच्यावर नक्कीच कधीतरी कोणीतरी नौकेत खेकसलं असणार.

नियमांच्या पुस्तकात, २६व्या नियमात, सगळं किती शांतपणे लिहिलंय बघा. पाच मिनिटं आधी वर्गाचा, म्हणजे त्या प्रकारच्या नौकांचा, झेंडा वर, एक भोंगा. चार मिनिटं आधी तयारीचा झेंडा वर, पुन्हा भोंगा. एक मिनिट उरलं की तयारीचा झेंडा खाली आणि एक लांबलचक भोंगा. शून्याला वर्गाचा झेंडा खाली, भोंगा, निघा. वेळ धरायची ती झेंड्यावरून; भोंगा वाजलाच नाही तरी कोणी तक्रार करायची नाही. कारण उघड आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पंचांची बोट तेवढ्या अंतरावर असेल तर भोंगा ऐकून बटण दाबणारा आधीच एक सेकंद मागे पडलेला असतो.

त्यामुळे पाचच्या झेंड्याला मी पापणी लवू न देता बघत बसतो. नेमकं त्याच वेळी आमचंच शीड मध्ये येतं. त्यावर उपाय म्हणजे ‘सिंक’चं बटण. चारचा झेंडा चढला आणि घड्याळात चार मिनिटं दोन सेकंद दिसत असतील, तर ते एकदा दाबायचं. घड्याळ जवळच्या पूर्ण मिनिटावर, बरोबर चारवर, येऊन बसतं. आयुष्यात इतरत्र असं बटण मिळालं असतं तर मी नौकेत बसलोच नसतो.

आता खरा छळ सुरू होतो. स्किपर विचारतो, “किती?” मी म्हणतो, “तीन वीस.” दोर ओढणारा विचारतो, “किती म्हणाला?” त्याला सांगेपर्यंत तीन पंधरा झालेले असतात, म्हणून स्किपर पुन्हा विचारतो, “नक्की किती?” शेवटच्या मिनिटात विचारणं थांबतं, कारण आता मला अखंड ओरडायचं असतं. चाळीस, पस्तीस, तीस. डाव्या हाताला घड्याळ, त्याच हातात दोर, आणि दोर ताणला की मनगट फिरून काच खाली जाते. काचेवर खारं पाणी. त्यात शेजारची नौका “स्टारबोर्ड!” (म्हणजे ‘वाट आमची, बाजूला व्हा’) म्हणून बोंबलते आणि माझे दोन आकडे वाहून जातात.

शिवाय मी देतो सेकंद आणि स्किपरला हवे असतात मीटर. पाच नॉट, म्हणजे ताशी साधारण नऊ किलोमीटर, वेग असेल तर नौका सेकंदाला अडीच मीटर सरकते. म्हणजे चार सेकंद उशीर झाला तर दहा मीटर मागे, पुढच्यांच्या शिडांनी नासवलेल्या वाऱ्यात. आणि एक सेकंद लवकर झाला तर रेषेपलीकडे; मग निळ्या फुलीचा एक्स झेंडा, परत फिरा, सगळ्यांना वाट द्या, पुन्हा निघा. या दोन पापांच्या मधल्या फटीत आम्हाला शिरायचं असतं. हल्ली जीपीएसवाली घड्याळं रेषेची दोन्ही टोकं टिपून घेतात आणि अंतर किती, हाताशी वेळ किती, हेही सांगतात. मात्र वाऱ्याखालच्या अंगाने आलेली नौका, नियम आपल्या बाजूने आहे या आनंदात, आम्हाला कुठवर ढकलत नेणार, हे अजून कुठल्याही घड्याळाला सांगता येत नाही.

१८५१ची मंडळी सुखी होती. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालणाऱ्या ज्या शर्यतीतून पुढे अमेरिकाज कप हा शिडाच्या शर्यतींचा मानाचा चषक जन्माला आला, तिची सुरुवात नांगर टाकलेल्या नौकांनी झाली. खूण झाली की नांगर उचला, शिडं चढवा, निघा. सेकंद मोजणाऱ्याला तिथे कोणी विचारलंही नसतं.

आमच्याकडे सगळेच इतके काटेकोर असतात की बरेचदा अर्धा ताफा एकाच वेळी रेषेपलीकडे जातो. मग फर्स्ट सब्स्टिट्यूट झेंडा, दोन भोंगे आणि सगळ्यांना परत बोलावणं. त्या क्षणी आमच्या नौकेवरचे सगळे माझ्या मनगटाकडे संशयाने बघतात. तो झेंडा उतरल्यावर एका मिनिटाने नवी पाच मिनिटं सुरू होतात, म्हणून मी भराभर घड्याळ पुन्हा लावतो. आणि या खेपेला पंच चिडून तयारीचा झेंडा काळा लावतात. काळा म्हणजे शेवटच्या मिनिटात रेषेपलीकडे दिसलात की सुनावणी न होता बाद. नंतर सुरुवात पुन्हा झाली तरी बादच.

मघापर्यंत वाघ असलेला स्किपर आता नौका रेषेच्या चांगली मागे, सुरक्षित अंतरावर ठेवतो. शीड ढिलं सोडतो. आवाजात कधी नव्हे ती अदब येते.

“तुझं घड्याळ पुढे तर नाही ना रे?”

“नाही.”

“तरी पण दोन सेकंद जास्तीचे धरूनच सांग.”

मी दोन सेकंद धरून सांगतो. तेवढ्यात दोर ओढणाराही आपल्या परीने दोन धरतो. स्किपरने मनातल्या मनात तीन आधीच धरलेले असतात.