‘दहा मिनिटांचं काम, दोन दिवस गाडी अडकवली’ : वर्कशॉपच्या मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या रिव्ह्यूतला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. तुमचं म्हणणं असं, की पिकअपच्या वेगाच्या मीटरचा काटा पडत होता, ऑनलाइन ४०० रुपयांना मिळणाऱ्या स्पीड सेन्सरचे आम्ही ३,३०४ घेतले, दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस लावले आणि चौथ्या दिवशी काटा परत पडला. मंडीच्या भाड्याचं नुकसान झालं, त्याबद्दल माफ करा. उशीर होतोय हे आमच्याकडून फोन करून सांगायला हवं होतं. तो झाला नाही, ही चूक आमची.

पण ‘दहा मिनिटांचं काम’ याचा खुलासा केल्याशिवाय राहवत नाही. इंदूरच्या देवास नाक्यावर रोज पन्नास लोक हे वाचतात, आणि आमचं पोट याच कामावर आहे.

सेन्सर बदलायला दहा मिनिटं लागतात, हे अगदी खरं. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला दहा नंबरच्या पान्याचा एक बोल्ट, एक कपलर (वायर जोडायचं सॉकेट), संपलं. व्हिडिओत तेवढंच दाखवतात. सेन्सरच बदलायचा आहे हे ठरवायला किती वेळ लागतो, ते कोणी दाखवत नाही.

गाडी मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता आली. स्कॅनरवर पी०५०० हा कोड होता. त्याचा अर्थ ‘सेन्सर बदला’ असा नाही. गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत वेगाचा सिग्नल पोचत नाही, एवढंच तो सांगतो. सेन्सर, वायर, कपलर, सेन्सरच्या टोकाचं प्लॅस्टिकचं गिअर, यातलं काहीही असू शकतं. स्कॅनरवर वेग दिसतोय आणि काटा मात्र पडलेला, असं असतं तर मीटरच उघडलं असतं. तुमच्या गाडीत दोन्हीकडे शून्य येत होतं, म्हणून खाली उतरलो.

बुधवारी सकाळी मागचं एक चाक जॅकवर उचललं, बाकीच्या चाकांना ठोकळे लावले, गाडी न्यूट्रलला ठेवून चाक हाताने फिरवलं. तुमचा सेन्सर तीन वायरींचा, हॉल जातीचा, म्हणजे चुंबकावर चालणारा. चावी फिरवल्यावर एका वायरवर १२ व्होल्ट, दुसरी अर्थिंगची आणि तिसरीवर सिग्नल. चाक हळू फिरवलं की तिसरी वायर ५ आणि ० अशी उड्या मारायला हवी. (जोरात फिरवू नये, व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर मग सरासरी काढून अडीचच्या आसपास दाखवतो आणि नवा मिस्त्री चांगला सेन्सर फेकून देतो.) एकच चाक हवेत असलं की डिफरन्शिअलमुळे (दोन मागच्या चाकांत वेग वाटणारे गिअर) प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारी दांडी) निम्म्याच वेगाने फिरते, तेवढा हिशोब धरावा लागतो. तर, सगळं ठीक होतं. सेन्सर ठणठणीत.

आता सांगा, तेव्हाच ‘गाडी बरी आहे, घेऊन जा’ म्हटलं असतं तर चाललं असतं का?

तुमच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, की सकाळी काटा चालतो आणि पाऊण तासाने पडतो. हे लक्षण गरम होण्याचं आहे. सेन्सरच्या आतली इलेक्ट्रॉनिक चिप थंडीत काम करते, गिअरबॉक्सचं तेल तापलं की झोपते. थंड गाडीत हा दोष कोणत्याही मीटरला सापडत नाही. म्हणून आमचा माणूस स्कॅनर लावून मांगलियाच्या पुढे क्षिप्रेपर्यंत गेला आणि परत येताना वाटेत वेग शून्य झाला. तिथेच बाजूला लावून, तसंच चाक फिरवून तपासलं तर १२ व्होल्ट हजर, अर्थिंग चांगलं, सिग्नल मात्र ५ वरच अडकलेला. वर्कशॉपमध्ये सेन्सर काढून टेबलावर हॉट एअर गनने तापवला, तरी तेच. थंड केला, परत सुरू. तेव्हा कुठे खात्री झाली. चेकिंगचे ६०० रुपये या कामाचे आहेत. डिझेलही आमचंच होतं, ते बिलात लावलेलं नाही.

आता ४०० रुपयांच्या सेन्सरबद्दल. बुधवारी दुपारी बाजारातून जो सेन्सर आला, तो दिसायला सारखाच, कपलरही तोच. बसवण्याआधी त्याची दांडी हाताने एक फेरा फिरवून सिग्नल मोजला. चारऐवजी आठ पल्स आले, म्हणजे ५-० अशा आठ उड्या. तुमच्या मीटरला ही दांडी एका किलोमीटरला ६३७ फेरे फिरते आणि प्रत्येक फेऱ्याला ४ पल्स लागतात. आठवाला लावला असता तर ताशी ४० ला काटा ८० वर गेला असता, किलोमीटर दुप्पट पडले असते, आणि तुम्ही भाडं किलोमीटरवर घेता. तो परत केला, बरोबर नंबरचा गुरुवारी सकाळी दहाला आला आणि साडेअकराला गाडी तयार होती. दुसरा दिवस इथे गेला. चुकीचा लावून बुधवारीच गाडी दिली असती तर आज कदाचित पाच तारे असते.

बिल परत लिहितो, कारण तुम्ही फक्त बेरीज लिहिली आहे: सेन्सर १,४००, ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) ४०, नवा कपलर २६०, चेकिंग ६००, मजुरी ५००, म्हणजे २,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४. कपलर का बदलला तेही विचारलं होतंत. आत गिअर ऑइल झिरपलं होतं आणि पिना सैल झाल्या होत्या. जुनी ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली की तेल तिथूनच चढतं, म्हणून सेन्सर निघाला की ती बदलायचीच. ४० रुपयांची वस्तू आहे, तिच्यावर वाचवू नये. काढण्याआधी आजूबाजूची माती हवेने साफ केली, नाहीतर ती सरळ गिअरबॉक्समध्ये पडते. थोडं तेल सांडलं होतं, तेही भरून दिलं. त्याचे पैसे लावले नाहीत.

चौथ्या दिवशीचं लिहायला मला संकोच वाटतो, पण तुम्ही अर्धंच लिहिलंत. सोमवारी गाडी परत आली तेव्हा काटा गरमीने पडत नव्हता, खड्ड्यात पडत होता. डॅशबोर्डखाली स्पीड गव्हर्नरच्या (वेग मर्यादेत ठेवणाऱ्या) डब्याजवळ सेन्सरची सिग्नल वायर कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली सापडली. मालवाहू गाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे आणि तो डबा याच वायरवरून वेग ओळखतो. वायर कोणी कापली आणि कशासाठी, ते मी इथे लिहीत नाही. गाडी घेताना ‘वायरिंगला कोणी हात लावलाय का’ असं विचारलं होतं, उत्तर ‘नाही’ आलं होतं. एवढंच.

तरीही आमची चूक आहेच. कपलरवर ५ व्होल्ट मिळाले म्हणून आम्ही वरची वायर चांगली धरली. मल्टिमीटर करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे एका तारेवर लटकलेला जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवून बघायला हवा होता. त्या दिवशी जोड सोल्डर करून, हीट श्रिंक स्लीव्ह चढवून, पाऊण तासात गाडी दिली आणि एक रुपया घेतला नाही. तुमच्या मजकुरात ते कुठे आलं नाही. आमच्या मुलाला चार गिऱ्हाइकांसमोर ‘चोर’ म्हणालात, तेही आलं नाही. तो मुलगा दोन तास गाडीखाली पडून होता.

६०० परत मागितले आहेत. तपासणी झालेली आहे, त्यामुळे ते परत देता येणार नाहीत. पुढच्या सर्व्हिसला काही करता येईल का ते बघू. उशीर होणार असेल तर यापुढे फोन करायचा, असं पोरांना सांगितलं आहे. चेकिंगचा दर लिहिलेला बोर्डही लावायचा आहे, पेंटरला सांगितलं आहे.

जुना सेन्सर पिशवीत घालून टेबलावर ठेवला आहे. विश्वास नसेल तर या, तुमच्यासमोर तापवून दाखवतो. आणि आलातच तर गव्हर्नरच्या डब्याचं सीलही बघून घेऊ, गाडीच्या फिटनेस तपासणीला ते लागतं. रविवारी बंद असतं.