नऊ डॉलरचं युनिट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी वीजबिलावरून जुंपतेच. कधी स्मार्ट मीटर, कधी बिलातला तो 'इंधन समायोजन आकार', आणि जानेवारी 2023 मध्ये महावितरणचे कर्मचारी अदानीला समांतर परवाना (म्हणजे महावितरणच्याच भागात वीज विकायचा) देऊ नका म्हणून संपावर गेले तेव्हा तर दोन दिवस ग्रुपवर कुणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नव्हतं. शेवटी दर वेळी पुण्याचा मावसभाऊ मला टॅग करतो, दादा तूच सांग, तिकडे सगळं खासगी आहे, कंपन्यांमध्ये स्पर्धा आहे, म्हणून लाइट जात नाही ना? मी राहतो अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला. बरोबर चुकीचा माणूस गाठलाय पठ्ठ्यानं.

16 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे इथे उणे 10 होतं. इथली घरं उन्हाळा डोक्यात ठेवून बांधलेली, पाण्याचे पाइप माळ्यावरून नेलेले, त्यात लाइट गेलेली, म्हणजे हीटिंगही गेलं. आम्ही चौघं एका खोलीत, अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या, फ्लशला पाणी पाहिजे म्हणून टब भरून ठेवलेला, आणि मोबाइल चार्ज करायला आळीपाळीनं गाडीत जाऊन बसायचं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा पाइप फुटला आणि किचनचं छत ओलं होऊन ओट्यावर आलं. अंगणात कॅम्पिंगच्या शेगडीवर चहा टाकलेला तेवढ्यात चिपळूणहून काकांचा फोन. काका एमएसईबीतून रिटायर झालेले. "काय रे, तुमच्याकडे पण लोडशेडिंग? मग टाइमटेबल काय दिलंय?"

टाइमटेबलच नव्हतं ना. रोलिंग आउटेज म्हणत होते, म्हणजे आळीपाळीनं जाणार, पण ज्यांची गेली त्यांची गेलीच, काहींची तर तीन-चार दिवस. डाउनटाउनच्या रिकाम्या बिल्डिंगा मात्र रात्री लखलखत होत्या. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात बोर्डाला आपण काय काय शिव्या घातल्या, पण वेळापत्रक पेपरात यायचं, कुठल्या भागाची किती तास जाणार ते कळायचं, गिरणीवाला त्या हिशोबानं दळण घ्यायचा.

टेक्सासनं विजेची ग्रिड मुद्दाम बाकी देशापासून वेगळी ठेवलीय, कारण वीज राज्याबाहेर गेली की वॉशिंग्टनचे नियम लागू होतात. 1999 च्या कायद्यानं 2002 पासून किरकोळ वीजविक्रीही खुली झाली. प्लँटवाल्याला पैसे फक्त विकलेल्या विजेचे, तयारीत राहायचे वेगळे नाहीत. मग दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या थंडीसाठी प्लँटला जाकीट कोण घालणार? 2011 मध्ये अशीच थंडी पडली होती, तेव्हा केंद्राच्या तपास अहवालानं सांगितलं होतं की थंडीची तयारी करा, पण सक्ती कुणीच केली नाही. भाव चढला की सगळे आपोआप तयारी करतील असा हिशोब होता. प्रत्यक्षात गॅसच्या विहिरी गोठल्या, वर गॅस पुढे ढकलणाऱ्या काही केंद्रांचीच वीज कापली गेली, कारण त्यांनी 'आम्ही अत्यावश्यक आहोत' हा फॉर्म भरलेला नव्हता. एक फॉर्म! आणि म्हणे फॉर्म फक्त आपल्याकडे लागतात.

सगळी ग्रिड कोलमडायला अवघी 4 मिनिटं 37 सेकंद राहिली होती. 45 लाख घरं अंधारात गेली, सरकारी आकड्यानुसार 246 माणसं गेली.

आता तो नऊ डॉलरचा किस्सा. घाऊक बाजारात भावाला कमाल मर्यादा होती, मेगावॉट-तासाला 9,000 डॉलर, म्हणजे युनिटला 9 डॉलर. एरवी ते युनिट काही सेंटला मिळतं. लाइट कापल्यामुळे मागणी कागदावर कमी दिसायला लागली आणि भाव खाली यायला लागला, तेव्हा राज्याच्या वीज आयोगानं आदेश काढला की भाव कमाल मर्यादेवरच ठेवा. खुल्या बाजाराच्या राज्यात भाव ठरवला सरकारी आदेशानं, आणि लाइट कापणं थांबल्यावरही तो एक दिवसाहून जास्त तसाच राहिला. ग्रिडी नावाच्या एका कंपनीचे ग्राहक घाऊक भावानंच वीज घ्यायचे, त्यांना हजारो डॉलरची बिलं आली आणि कंपनीनं मार्चमध्ये दिवाळं काढलं. काही खर्च पुढे कर्जरोखे काढून वर्षानुवर्षं लोकांच्या बिलात टाकला. 2024 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं आयोग चुकला नाही असा निकाल दिला.

त्याच आठवड्यात टेक्सासचे रिपब्लिकन गव्हर्नर ॲबट फॉक्स न्यूजवर जाऊन सांगत होते की पवनचक्क्या आणि सोलरनं घात केला. सगळ्यात जास्त वीज बुडाली होती ती गॅसच्या प्लँटांची, आणि इथल्या लोकांशी बोलताना ते स्वतः गॅसही गोठलाय म्हणत होते. म्हणजे एकाच माणसाचं घरी एक आणि दारी एक. त्यांच्याच पक्षाचे इथले सेनेटर टेड क्रूझ यांनी आदल्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाला हसून घेतलं होतं की यांना साधी वीज सांभाळता येत नाही. फेब्रुवारीत लोकांनी ते ट्वीट उकरून काढल्यावर त्यांनी 'माझ्याकडे बचाव नाही' म्हणून कबूल करून टाकलं (अख्ख्या आठवड्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य), आणि मग साहेब कुटुंबासकट मेक्सिकोला कॅनकूनला गेले.

डेमोक्रॅट मित्रांचंही सोवळं मला पटत नाही. त्यांचं एकच पालुपद, नियंत्रण काढलं की असं होतं. अरे पण कॅलिफोर्नियातली पीजी अँड ई ही वीजकंपनी राज्याच्या आयोगाच्या नियंत्रणाखालची, तिच्या जुनाट लाइनमुळे 2018 मध्ये पॅराडाइज गाव जळून 85 माणसं गेली आणि कंपनीनं कोर्टात 84 जणांच्या मृत्यूचा गुन्हा कबूल केला. तिथे आयोग काय झोपला होता? उलट बाजूनं, टेक्सासात आज एवढ्या पवनचक्क्या आहेत त्याचं श्रेय बाजाराला देतात, ते काही खोटं नाही, पण पश्चिमेकडून वीज आणायच्या सुमारे 7 अब्ज डॉलरच्या लाइनी राज्याच्या आदेशानं टाकल्या आणि सगळ्या ग्राहकांच्या बिलातून वसूल केल्या, हे भाषणात कुणीच सांगत नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं तर काका हसायला लागले. म्हणाले, "अरे ही तर एनरॉनची गोष्ट झाली." आणि एनरॉन होती कुठली, तर ह्यूस्टनचीच! तिचा दाभोळचा वीजप्रकल्प आपल्याला विकला गेला खासगीकरण म्हणून. पण टेंडर नाही, वीज घ्या न घ्या बोर्डानं बहुतेक क्षमतेचे पैसे द्यायचे, आकडे डॉलरशी बांधलेले, वर केंद्राची हमी. काकांच्या भाषेत, टॅक्सी दारात उभी, बसा नाहीतर बसू नका, मीटर चालू. यात बाजार कुठे होता? एनरॉन समुद्रात बुडवू म्हणणाऱ्या शिवसेना-भाजप युतीनं 1995 मध्ये करार रद्द केला, नंतर आणखी मोठा करून परत केला, आणि वाजपेयींच्या 13 दिवसांच्या सरकारनं जाता जाता त्याला मंजुरी दिली. 2001 मध्ये बोर्डानं वीज घेणं थांबवलं, प्लँट बंद पडला, डिसेंबरमध्ये इकडे एनरॉननं दिवाळं काढलं.

म्हणून मावसभावाला मी खासगी की सरकारी याचं उत्तर देतच नाही. मी त्याला विचारतो, समांतर परवाना आला तर कोकणातल्या शेवटच्या खांबावरची फ्यूज उडाल्यावर जाणार कोण, नवी मुंबईचं चांगलं गिऱ्हाईक गेल्यावर शेतीपंपाचे पैसे कुणाच्या बिलात येणार, आणि हे आत्ता लिहून कोण देतंय? त्यावर तो म्हणतो दादा तू फार निगेटिव्ह झालायस.

माझं स्वतःचं वीज कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. इथे दर वर्षी-दोन वर्षांनी कंपनी निवडायची, शंभर प्लॅन. एक प्लॅन मागे मी स्वस्त बघून घेतला आणि पस्तावलो, कारण 1000 युनिट झाली की क्रेडिट, म्हणजे बिलात सूट, मिळायचं, आणि जाहिरातीतला दरही बरोबर 1000 युनिटचाच होता. 950 जाळलीत तर क्रेडिट शून्य. दर जास्त होता ते आयोगाच्या सक्तीच्या एका पानावर लिहिलेलं होतं, 500, 1000 आणि 2000 युनिटला सरासरी किती पडेल ते. मीच वाचलं नव्हतं.

शेजारचे आजोबा तेलकंपनीतून रिटायर झालेत, सरकार म्हणजे नुसती कटकट हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि त्या नऊ डॉलरबद्दल मला पहिल्यांदा त्यांनीच बोलून दाखवलं होतं की हा बाजार नव्हताच. परवा ते चार प्लॅनची तीच पानं प्रिंट मारून घेऊन आले, तू एक्सेलवाला आहेस, बघ म्हणाले. दोघंही चहा घेत बसलो, त्यांचं गेल्या वर्षीचं बिल महिन्यावार टाकलं, दोन प्लॅन तिथेच बाद झाले.